वास्तू राखू या, वाङ्मय जागवू या

(आटगाव, ता. शहापूर येथे झालेल्या ग्रंथप्रेमींच्या मेळाव्यात 'जुन्या वास्तू आणि वाङ्मयीन संग्रहालये' या विषयावर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आज सकाळी कसारा गाडीने येत होतो. आसनगावच्या आसपास माहुलीचे सुळके दिसू लागले आणि डब्यातल्या एका शाळकरी मुलाने आपल्या आजोबांना विचारले, ''तिथे काय झालं होतं?'' आजोबांनी क्षणभर आठवल्यासारखे केले आणि म्हणाले, ''किल्ला आहे, शिवाजी महाराजांचा.'' उत्तर चुकीचे नव्हते, पण फार लहान होते. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची अखेरची झुंज या माहुलीवरून दिली. पुरंदरच्या तहात गेलेला हा गड १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. एवढे मोठे संचित रोज डोळ्यांसमोर उभे असताना आपल्या तोंडी त्याचे एक वाक्य उरावे, ही आपल्या सर्वांचीच गोष्ट आहे, त्या आजोबांची एकट्याची नव्हे. दगड उभा राहतो, पण त्याची कथा सांगणारा नसेल तर तो नुसता दगडच राहतो. आजच्या विषयाची सुरुवात मी इथून करतो.

आपल्या निमंत्रकांनी मला सभेआधी इथून जवळच्या एका गावातले जुने घर दाखवले. शंभरी ओलांडलेले कौलारू घर आहे. पुढे ओटी, मध्ये माजघर, वर माळा. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत भजनाच्या हस्तलिखित वह्या आहेत, घरातल्या शाळामास्तर आजोबांनी सुतळीने बांधून ठेवलेले जुने दिवाळी अंक आहेत आणि एका वहीत त्यांनी आपल्या आईकडून ऐकून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. घरात आज एकट्या आजी राहतात. मुले ठाण्या-डोंबिवलीकडे नोकरीला. समृद्धी महामार्ग आल्यापासून या भागातल्या जमिनींना जो भाव आला आहे तो मी तुम्हाला सांगायला नको. घराला गिऱ्हाईक आलेले आहे. आजींनी मला एवढेच विचारले, ''घराचं पोरं बघतील, पण या कागदांचं काय करायचं?''

त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, कारण तो प्रश्न मला कुणी पूर्वीच विचारायला हवा होता. आमचेही कोकणात असेच एक घर होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी ते विकले. विकण्यात काही गैर केले असे नाही. कोणाला तिकडे राहायचे नव्हते, छप्पर गळत होते. पण घर रिकामे करायला आम्ही फक्त दोन दिवस काढले. तांब्या-पितळेची भांडी आम्ही मोजून वाटून घेतली. आजीची ओव्यांची वही कुठे गेली, हे आज आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या लिहिणारा मी माणूस. माझ्या घरातली एवढी मोठी बातमी माझ्या नजरेतून सुटली. तेव्हा मी आज येथे उपदेश करायला उभा नाही. चुकलेला माणूस म्हणून बोलतो आहे, असे समजून ऐकावे.

खांबाभोवती उभे राहिलेले मंदिर

पहिला आक्षेप नेहमी असा येतो की, साहित्य तर पुस्तकात असते, मग घराचे कौतुक कशाला? कवी गेला, कविता उरली, पुस्तक दुकानात मिळते. मग त्याच्या पडक्या भिंतींवर पैसा कशाला घालायचा? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण आपल्या समाजाने त्याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वीच दिले आहे.

नेवाशाला जाऊन या. तेथे एक दगडी खांब आहे. ज्ञानेश्वर माऊलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्या खांबाला टेकून गीतेवरचे निरूपण केले तो हा खांब, अशी परंपरा सांगते. त्याला 'पैस' म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या गाजलेल्या ललितलेखसंग्रहाला हेच नाव दिले. आज त्या खांबाभोवती मंदिर आहे. गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी एक खांब असलेले मंदिर! एका ग्रंथाच्या जन्मस्थानाला मंदिराचा मान देणारा हा समाज आहे. देहू, आळंदी, पैठण, सज्जनगड ही आपली तीर्थे एका अर्थाने वाङ्मयाचीच तीर्थे आहेत. वारकऱ्याला हे संग्रहालयशास्त्र कोणी शिकवले नाही. शब्द ज्या मातीत उमटला त्या मातीला हात लावावासा वाटणे ही माणसाची साधी गरज आहे आणि तिने शब्द पुन्हा जवळचा होतो, हे त्याला ठाऊक होते.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. नेवाशाचा खांब टिकला, कारण ज्ञानेश्वरीची पारायणे थांबली नाहीत. पारायण थांबले असते, तर त्या खांबाला गुरे बांधली गेली असती.

मालगुंडचे उदाहरण

आधुनिक काळातले, आपल्याला अगदी समोर ठेवता येईल असे उदाहरण मालगुंडचे. रत्नागिरी तालुक्यात गणपतीपुळ्याच्या शेजारी हे गाव. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली येथे जन्मले. वडील शाळामास्तर. एका सामान्य शिक्षकाचे ते घर, पण त्या घराने महाराष्ट्राला काय दिले ते पाहा. एक मुलगा आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक झाला. दुसरा, मोरो केशव दामले, यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा १९११ सालचा थोर ग्रंथ लिहिला. तिसरे सीताराम केशव दामले हे लेखक-पत्रकार.

केशवसुतांचे आयुष्य सुखाचे नव्हते. शिक्षणासाठी आणि मास्तरकीच्या नोकरीसाठी ते गावोगाव फिरले. खानदेशात फैजपूरला राहिले, पुढे धारवाडला गेले आणि १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले. वय चाळीसही नव्हते. त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. हरी नारायण आपट्यांनी १९१७ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. दीडशेच्या आतच कविता उपलब्ध आहेत, पण तेवढ्यांनी मराठी कवितेची दिशा बदलली. आणि हा बाहेर भटकणारा कवी आपल्या कवितेत पुन्हा पुन्हा घराकडे वळत होता. 'गोष्टी घराकडील' आणि 'नैर्ऋत्येकडील वारा' ही नुसती शीर्षके पाहिली तरी ते कळते. देशावर बसलेल्या कोकणी माणसाला नैर्ऋत्येचा वारा म्हणजे घरची खबर!

ते घर काळाच्या ओघात नाहीसे झाले असते, तर कोणी दाद मागितली नसती. पण कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने स्मारकाचे काम हाती घेतले. परिषद स्थापन झाली १९९१ साली, आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. परिषद नवी, जागा आडगावातली, आणि तरी तीनच वर्षांत हे झाले. कवीच्या मृत्यूला तोवर जवळजवळ नव्वद वर्षे लोटली होती.

तेथे काय केले, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्यांनी घराला राजवाडा केले नाही. कोकणातल्या घराचे रूप राखले. जुन्या काळच्या घरातल्या वस्तू त्यात ठेवल्या. बाहेर मोकळ्या आवारात केशवसुतांच्या कविता दगडी फलकांवर कोरल्या. चालता चालता कविता वाचायची! त्याशिवाय आधुनिक मराठी कवींची ओळख करून देणारे दालन केले आणि ग्रंथालय जोडले. परिणाम असा झाला की, गणपतीपुळ्याला देवदर्शनाला आलेले कुटुंब वाट वाकडी करून मालगुंडला जाते. ज्या घरात एरवी कवितेचे पुस्तक शिरले नसते, त्या घरातले मूल 'तुतारी'च्या कवीच्या ओटीवर उभे राहते. शाळेच्या सहली येतात. दर्शन, सहल आणि साहित्य यांची अशी सांगड घालणे ही व्यवहाराची गोष्ट आहे. आपण ती शिकण्यासारखी आहे.

जगाने हे कसे केले

आपल्याकडे असे म्हणण्याची पद्धत आहे की, परदेशात हे सगळे सरकार करते, म्हणून तिकडे टिकते. हे खरे नाही. शेक्सपिअर १६१६ साली गेला. स्ट्रॅटफर्डमधले त्याचे जन्मघर पुढे कधी खाणावळ झाले, त्यात खाटकाचे दुकानही होते. १८४७ मध्ये ते लिलावाला निघाले. एक अमेरिकन खेळवाला ते उचलून आपल्या देशी नेणार, अशी आवई उठली. तेव्हा लोक जागे झाले, वर्गणी गोळा केली आणि तीन हजार पौंडांना ते घर समाजाच्या नावावर घेतले. चार्ल्स डिकन्ससारखा लेखक त्यासाठी धडपडणाऱ्यांत होता. म्हणजे इंग्लंडलाही आपल्या सर्वांत मोठ्या कवीचे घर ताब्यात घ्यायला दोनशे एकतीस वर्षे लागली आणि तेही विक्रीची पाटी लागल्यावर. तेव्हा उशीर झाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट जर्मनीतली. फ्रँकफर्टमध्ये महाकवी गटे याचे जन्मघर आहे. तेथील एका वाङ्मयीन संस्थेने १८६३ मध्ये ते विकत घेऊन जपले. दुसऱ्या महायुद्धात, २२ मार्च १९४४ रोजी, बॉम्बहल्ल्यात ते जमीनदोस्त झाले. योगायोग असा की, २२ मार्च हा गटेचा स्मृतिदिन. पण संस्थेने घरातल्या वस्तू आधीच सुरक्षित जागी हलवल्या होत्या. युद्ध संपल्यावर उपाशी, उद्ध्वस्त अशा त्या नगराने ते घर होते तसे पुन्हा बांधले. १९५१ मध्ये ते खुले झाले. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. हस्ताक्षर जळले तर पुन्हा लिहिता येत नाही. हा धडा आपल्या गळक्या कौलांखालच्या ट्रंकांनाही लागू आहे.

निरक्षर माऊलीचा वाडा

तुम्ही म्हणाल, केशवसुत, शेक्सपिअर, गटे ही मोठी माणसे. आमच्या शहापूर-मुरबाडमध्ये कोण असा महाकवी झाला? म्हणून मी तुम्हाला आता जळगावला नेतो.

जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे. बहिणाबाई चौधरींचे हे सासर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्या गाणी रचत. घरातली मुले, चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ, ती ऐकून कागदावर उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या. त्यांच्या माघारी ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. विचार करा, ती वही आमच्या आजीच्या वहीसारखी हरवली असती तर? मराठी भाषा केवढी दरिद्री झाली असती, आणि दरिद्री झालो हे आपल्याला कळलेही नसते!

आज तो वाडा बहिणाबाईंच्या स्मृतीचे संग्रहालय झाला आहे. जळगावच्या जैन उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाने ते काम केले. तेथे त्यांच्या संसारातल्या आणि शेतीतल्या वस्तू जपल्या आहेत. रोजच्या राबत्या घरातल्या साध्यासुध्या वस्तू त्या. पण गाणे कोठून आले ते त्या वस्तू सांगतात. शहरातल्या मुलाने जाते कधी पाहिलेच नसेल, तर जात्यावरची ओवी त्याला कशी कळावी?

वास्तूचे आणि शब्दांचे नाते आणखी दोन ठिकाणी मला फार प्रखरपणे जाणवते. भगूरचा सावरकर वाडा राज्य शासनाने जपला आहे. त्या वाड्यातल्या मुलाने पुढे अंदमानच्या कोठडीत कागद-लेखणी नसताना भिंतीवर कविता कोरल्या आणि पाठ करून ठेवल्या. 'कमला' तेथे घडले. सेल्युलर कारागृह आज राष्ट्रीय स्मारक आहे ते क्रांतिकारकांच्या यातनांमुळे. पण मराठी माणसाने ती कोठडी एक काव्यस्थळ म्हणूनही पाहावी. आणि दुसरे, दादरच्या हिंदू कॉलनीतले 'राजगृह'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते बांधताना पहिला विचार आपल्या ग्रंथसंग्रहाचा केला. एकाकडे कागदाचा तुकडा नव्हता, तर दुसऱ्याने ग्रंथांसाठी घर बांधले. दोन्ही वास्तू नव्या पिढीला शब्दाची किंमत सांगतात.

आपल्या मातीत काय आहे

आता या तालुक्यांकडे वळतो. मुरबाडमधून नाणेघाट चढून गेले की, माथ्यावर सातवाहनकालीन लेणे लागते. राणी नागनिकेचा तो शिलालेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांची आणि दानांची नोंद आहे, आकडे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करताना ज्या पुराव्यांचा आधार घेतला गेला त्यांत हा शिलालेख आहे. ज्या घाटाचा पायथा तुमच्या शेजारच्या तालुक्यात, त्याच्या लेखाचा एक ठसा, त्याचे सोपे मराठी रूपांतर या परिसरातल्या प्रत्येक शाळेत का असू नये?

दुसरे धन आपल्या वनवासी बांधवांचे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांची लग्नगीते, नाचाची गाणी, कथा, उखाणे, कोडी हे सारे वाङ्मयच आहे. वारल्यांमध्ये लग्नाची गाणी म्हणून विधी चालवणारी धवलेरी असते, स्त्री असते. तिच्या स्मरणात एक अख्खा ग्रंथ असतो. तिला कोणी लेखिका म्हणत नाही. ज्या दिवशी ती जाते त्या दिवशी एक ग्रंथालय जळते आणि त्याचा पंचनामाही होत नाही.

हे काम अशक्य नाही. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह मुळशीपासून सुरुवात करून गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. त्यांना आधी कोणी इमारत दिली नव्हती. एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि जात्याशेजारी बसण्याची तयारी, एवढ्यावर ते झाले. आज तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे!

घर ते संग्रहालय : काही व्यवहार

भावनेच्या भरात घर ताब्यात घेणे सोपे, चालवणे अवघड. म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो.

पहिला प्रश्न मालकीचा. अशा घराला चार-सहा वारस असतात. वारसनोंद आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पाहिल्याशिवाय एक वीटही हलवू नये. देणाऱ्याच्या तोंडी शब्दावर उभे राहिलेले स्मारक पुढच्या पिढीत कज्जा होते. नोंदलेले बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असावा. घेणारी व्यक्ती नसावी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला विश्वस्त न्यास असावा. आणि कुटुंबाचा मान राखावा. घर देणारा उपकार करतो आहे, हे विसरू नये. त्याला जमिनीचा भाव दिसतो म्हणून तो वाईट होत नाही. त्याच्या मुलीचे शिक्षण त्या भावात अडकलेले असते.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे सिमेंट आणि चकचकीत फरशी, असे समीकरण झाले आहे. जुनी माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की, ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. चुन्याचे काम चुन्यानेच करावे. छप्पर आधी. आढे, वासे, रिपा तपासून, वाळवीचा बंदोबस्त करून कौले चाळावीत. या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे; त्याच पावसावर तानसा-भातसा भरतात आणि मुंबई पाणी पिते. त्या पावसात गळक्या छपराखाली कागद एक हंगामही टिकत नाही.

तिसरा प्रश्न कागदांचा. मूळ हस्तलिखिते काचेच्या पेटीत उन्हात मांडू नयेत. लोकांसाठी छायाप्रत ठेवावी आणि मूळ प्रत कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. आपले पूर्वज पोथी रुमालात बांधून त्यात वेखंड ठेवत, ते कसर लागू नये म्हणूनच. सर्वांत आधी यादी करावी. वस्तू कोणाची, कोणी दिली, कधी दिली. यादी नसलेले संग्रहालय म्हणजे अडगळीची खोली.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, रोज दार कोण उघडणार? उद्घाटनाला शंभर माणसे मिळतात, मंगळवारी दुपारी झाडू मारायला एक मिळत नाही. म्हणून संग्रहालय एकटे उभे करू नये. त्याला वाचनालय जोडावे. वाचनालयात रोज माणूस येतो. आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या संस्था सव्वाशे-दीडशे वर्षे टिकल्या त्या त्यांच्या इमारतींच्या बळावर नव्हे, तर वर्गणी भरून पुस्तक बदलायला येणाऱ्या सभासदाच्या बळावर. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य वाचनालयाला अनुदानही मिळते. ते अवश्य घ्यावे, पण त्यावर विसंबू नये.

महाबळेश्वरजवळच्या भिलारने २०१७ मध्ये वेगळाच मार्ग काढला. शासनाच्या योजनेत ते 'पुस्तकांचे गाव' झाले. पुस्तके एका इमारतीत न ठेवता गावातल्या पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत ठेवली. स्ट्रॉबेरी पिकवणारा शेतकरी आपल्या ओटीवर वाचकाला बसायला जागा देतो. सगळ्यांना मोठी वास्तू मिळेलच असे नाही. पण प्रत्येक गावात एक ओटी मिळू शकते.

ऋषिऋण

आपल्या परंपरेने माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने. ऋषिऋण कशाने फिटते? ते स्वाध्यायाने फिटते, म्हणजे वाचून, शिकून आणि शिकवून. ऋषींचे पुतळे उभारून ते फिटते, असे कोणत्याही शास्त्राने म्हटलेले नाही. वाङ्मयीन संग्रहालय उभे करताना हा विवेक आपण सोडता कामा नये. वास्तू ही स्वाध्यायाची जागा आहे, स्वाध्यायाचा पर्याय नव्हे.

मराठीत 'वाचणे' या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचणे आणि संकटातून वाचणे. मला वाटते, भाषेने हे उगाच केलेले नाही. जे वाचले जाते तेच वाचते.

म्हणून या सभेतून जाताना मी आपल्याला मोठा संकल्प मागत नाही. सकाळी पाहिलेले ते घर संग्रहालय होईल की नाही, हे त्या कुटुंबाने ठरवायचे आहे, आणि त्यांच्यावर कोणी दडपण आणू नये. पण पुढचा पाऊस लागायच्या आत तीन गोष्टी होऊ शकतात. एक, त्या ट्रंकेतल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि यादी करावी. दोन तरुण आणि चार रविवार एवढेच त्याला लागतील. दोन, गावातल्या आणि पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्यांची गाणी, ओव्या, कथा त्यांच्याच आवाजात नोंदवाव्यात. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख लिहावी आणि त्यांना विचारूनच ते करावे. तीन, शाळेच्या एका भिंतीपाशी, देवळाच्या एका पडवीत, कुठेही चालेल, पण एक कपाट ठेवावे आणि त्यावर लिहावे, 'आमच्या गावचे वाङ्मय'. मालगुंडलाही सुरुवात कोणाच्या तरी मनातल्या अशाच एका कपाटापासून झाली असेल.

निघताना मी आजींना सांगितले की, कागद टाकू नका, कोणाला देऊही नका, आमची माणसे येऊन उतरवून घेतील. त्या म्हणाल्या, ''उतरवून घ्या, पण आधी एकदा मला वाचून दाखवा. मास्तर गेल्यापासून कोणी वाचलेलं नाही.''

मंडळी, मी 'आमची माणसे' म्हणालो तेव्हा माझ्या मनात तुम्ही होता. पुढच्या रविवारी कोणी जाणार आहे का, एवढे सभा संपल्यावर मला सांगा. पहिल्या रविवारी मीही येईन.